नाचाच्या एकाच बॅचमध्ये सगळी मुलं : बेळगावात कुणी करून बघितलंय का?

तालवाली_अनगोळ
नमस्कार मंडळी. अनगोळला माझा नाचाचा क्लास आहे. मुख्य भरतनाट्यम, सुट्टीत लोकनृत्य आणि फिल्मी. या उन्हाळ्यात जरा वेगळे फोन आले. एका आईची मुलगी व्हीलचेअरवर आहे, एकीचा मुलगा डाउन सिंड्रोमचा, एक कॉलेजचा मुलगा ऐकू न येणारा (त्यानं स्वतःच मेसेज केला). तिघांचं म्हणणं एकच : तुमच्या नेहमीच्या मुलांबरोबर घ्याल का? 'स्पेशल मुलांची वेगळी बॅच' कुणालाच नको आहे.

माझं मत आधीच सांगते : घ्यायचं. १५ ते २५ वयोगटाची रविवारची एक बॅच, त्यात सगळे. अडलंय ते 'कसं' यावर. क्लास पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. आणि माझी सगळी शिकवणी 'मी करते तसं करा' या एका वाक्यावर चालते. ज्याचं शरीर माझ्यासारखं चालत नाही त्याला या वाक्याचा काय उपयोग?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले पालक, शिक्षक, नाचणारे, कुणी असाल तर लिहा. कौतुक नको, अडचणी सांगा.

खडेबाजार
रुमाल टाकून ठेवूलोय. अनुभव शून्य. गणपतीच्या मिरवणुकीत नाचतो तेवढाच. तिथं बॅच एकच असते आणि कुणाचीच स्टेप कुणाशी जुळत नाही.

वडगावची_आई
ताई, धागा काढलात ते बरं केलंत. माझी मुलगी सतरा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर वापरते. (तुम्हाला फोन केलेली आई मी नव्हे, म्हणजे आम्ही किमान दोघी आहोत.)

अडचण विचारलीत म्हणून पहिली : जिना. मुलीला उचलून वर नेऊ म्हणणारे खूप भेटतात. सतरा वर्षांच्या मुलीला चार पुरुषांनी उचलून न्यायचं, तेही दर रविवारी, याचा विचार करा. तळमजला मिळत नसेल तर बाकी चर्चा सोडून द्या, खरंच सांगते.

दुसरी अडचण टाळ्यांची. एका कार्यक्रमात तिला स्टेजच्या मधोमध नेलं. निवेदकानं माइकवर तिच्या आजाराची सगळी कहाणी सांगितली आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. तिनं अजून बोटसुद्धा हलवलं नव्हतं. घरी आल्यावर म्हणाली, "आई, मी नाचले कधी?"

निपाणीकर
आमच्याकडे नेमकं उलट. मुलगा स्वमग्न आहे, सोळाचा. शाळेच्या गॅदरिंगला त्याला झाड केलं. मागच्या रांगेत, हातात दोन फांद्या. नऊ मिनिटांचा नाच, हा आपला झाड. त्यानं मात्र इमानदारीत सगळा वेळ वारा आल्यासारखं डोलून दाखवलं, बाकीच्यांपेक्षा तालात.

तरीही मी ताईंच्या मताशी सहमत नाही. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून एकत्र, हे ऐकायला छान वाटतं. माझ्या मुलाला तीस जणांचा गलका, स्पीकर, टाळ्या, एकदम सुरू होणारं गाणं सहन होत नाही. कान झाकून कोपऱ्यात बसेल, मग लोक म्हणतील 'बघा, त्याला आवडत नाही'. त्याला नाच आवडतो, गलका आवडत नाही. आधी लहान गट, ओळखीची जागा, मग हळूहळू एकत्र. वेगळी बॅच म्हणजे दरवेळी अपमानच असतो असं नाही.

बंड्या_खानापूर
+१ निपाणीकर. झाडाला पण +१.

मध्यमा_पास
मी उलटी बाजू मांडते, शिव्या घालू नका. माझी मुलगी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देते, कथ्थक. क्लासला घालतो ते तयारीसाठी. तासाचा अर्धा वेळ सांभाळण्यात आणि समजावण्यात गेला तर बाकीच्यांच्या फीचं काय? दर्जा खाली येतो हे कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. शिवाय ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना ताल कसा कळणार, हा मला खरंच पडलेला प्रश्न आहे.

खडेबाजार
आमच्या पुतणीच्या क्लासात अर्धा तास रील करण्यात जातो. तिथं दर्जा वर जातो की खाली, ते कुणीतरी सांगा.

थाप
मध्यमा_पास, ताल कसा कळतो ते मी सांगतो. मला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या गल्लीच्या पथकात मी ढोल वाजवतो.

ढोल कमरेला बांधला की टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) ठोका बरगड्यांत लागतो आणि दुसऱ्या बाजूची थाप पोटात. दोन्ही वेगळे कळतात, डोळे मिटले तरी. ताशा मला लागत नाही, त्याचा आवाज फार वरचा. त्यासाठी ताशेवाल्याच्या मनगटावर नजर ठेवतो. मनगट सैल पडलं की लय बदलणार हे मला ऐकणाऱ्यांच्या आधी कळतं.

ताईंना कामाच्या गोष्टी. शहाबादी फरशीवर पायाला काही कळत नाही, लाकडी स्टेज असेल तर तळव्याला ठोका येतो. स्टेज नसेल तर जाड प्लायवूड अंथरा, स्पीकर त्यावर ठेवा, बास वाढवा, मुलांना अनवाणी उभं करा. सगळ्यांनाच. सूचना देताना पाठमोरं बोलू नका. थांबवायचं असेल तर दिव्याचं बटण बंद-चालू करा. आणि खाणाखुणांची भाषा येणारं एक माणूस सोबत असू द्या. ओठ वाचून सगळं कळतं हा ऐकणाऱ्यांचा समज आहे.

शेवटचं : या धाग्यावर आमच्याबद्दल 'त्यांना' असं लिहिताय. आम्ही इथंच वाचत बसलोय.

मध्यमा_पास
थाप, मनगटाचं आवडलं. आमचे गुरुजी तबलजीकडे बघायला सांगायचे ते याचसाठी असावं. दर्जाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

आजोबा_टिळकवाडी
तालवाली, दर्जा आणि उभं राहणं या दोन गोष्टींची गल्लत होतेय का? बैठकीची लावणी आठवा. कलावंतीण बसून गायची, बसूनच अदा करायची. एकच ओळ दहा तऱ्हांनी, नजरेतून, खांद्यातून, पदराच्या टोकातून. तिला कुणी 'अर्धा नाच' म्हटलं नाही. कथ्थकात शंभू महाराजांचा बसून केलेला भाव नावाजला गेला. भरतनाट्यमच्या शिक्षिकेला मी काय सांगणार, पण 'अभिनयदर्पणा'त एका हाताच्या २८ मुद्रा दिल्या आहेत, त्यातल्या किती करायला गुडघे लागतात?

अवांतर : तुमच्या क्लासला जिना चढून येणं आता मलाही जमत नाही. तळमजल्याचा ठराव मांडला जात असेल तर माझं एक मत धरा.

तालवाली_अनगोळ
आजोबा, नमस्कार. अरैमंडी (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसणं) सगळ्यांना जमणार नाही म्हणून मी अडून बसले होते आणि हस्त-अभिनयाची अर्धी वही समोरच पडली होती.

मध्यमा_पास, परीक्षेच्या बॅचेस आहेत तशाच राहतील, त्यांना हात लावत नाही. ही बॅच वेगळ्या कामासाठी आहे, स्वतः रचायला शिकण्यासाठी. परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मुली पाठ केलेलं अप्रतिम करतात. 'आता दोन ओळी तुझ्या तू बसव' म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतात.

निपाणीकर, तुमच्या मुद्द्यावर विचार करते आहे. उत्तर नाही अजून.

फिजिओ_गोवावेस
उत्साहात कुणाला इजा व्हायला नको म्हणून हा लांब प्रतिसाद.

डाउन सिंड्रोमच्या काही मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. बाहेरून दिसत नाही. त्यामुळे कोलांटी, शीर्षासन, मानेवर भार येईल असं काही, कुणी मानेला धरून वाकवणं, हे सगळं डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत बंद. साधारण निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो, बऱ्याच जणांचं ऑपरेशन झालेलं असतं. दम किती लागू द्यायचा ते पालकांकडून लिहून घ्या.

सेरेब्रल पाल्सीत स्नायू घट्ट असतात, थंडीत आणि घाई केली की जास्तच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय हवा असते ते सांगायला नको. पावसाळ्यात वॉर्मअपला दुप्पट वेळ द्या. हात ओढून 'सरळ कर' म्हणू नका. तो ओढल्यानं आणखी आवळतो.

स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मतः दोष) असलेल्या मुलांना रबराची अॅलर्जी असण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे फुगे आणि रबरी पट्टे घेऊन केलेले नाच नकोत. हे भल्याभल्यांना माहीत नसतं. एका जागी बसून त्यांच्या त्वचेला जखमा होतात आणि त्या त्यांना जाणवत नाहीत. अधूनमधून हातांवर भार देऊन उठायची सवय नाचातच घाला, चांगली स्टेप होईल.

फिट येणारं कुणी असेल तर लुकलुकणारे दिवे अजिबात नकोत. थाप, तुमची दिव्याची कल्पना चांगली आहे, पण बटण एकदाच बंद-चालू, चमकवत राहायचं नाही.

आणि हॉस्पिटलसारखी घडीची, जड व्हीलचेअर असेल तर तिच्यात गिरकी नीट येत नाही. हात टेकायचे दांडे (आर्मरेस्ट) निघत असतील तर काढून ठेवा. हातांचं काम असेल तेव्हा ब्रेक लावा. कमरेला पट्टा हवाच. खुर्ची त्या मुलाच्या शरीराचा भाग समजा, न विचारता कुणी ढकलायची नाही.

वडगावची_आई
शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून क्लासच्या दारावर लावा. लग्नात गेलो की कुणीही मागून येऊन खुर्ची सरकवतं आणि वर विचारतं, 'अडचण होत होती ना?' अडचण त्यांची.

बंड्या_खानापूर
सगळं ठीक आहे, पण क्लासला येणार कसं? खानापूर तालुक्यातल्या आतल्या गावातून बेळगाव म्हणजे अर्धा दिवस. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे (बायकांना फुकट बसप्रवास) २०२३ पासून आईला बस फुकट आहे. पण बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. फुकट असलं तरी चढता यायला हवं. माझा भाऊ पोलिओचा, कुबड्या घेऊन चालतो, त्याला कंडक्टर हात देतो आणि सगळी बस बघत बसते. कणकुंबीकडं पाऊस लागला की तेही बंद.

एक करा. महिन्यातून एक रविवार खानापूरला या. आम्ही हॉल बघतो.

शिनोळीचा_पाव्हणा
आम्ही चंदगड तालुक्यातले, म्हणजे कागदावर महाराष्ट्रात. बाजार, दवाखाना, चप्पल, सगळं बेळगावला. माझ्या भाचीला यायचंय, पण तिचं अपंगत्वाचं कार्ड महाराष्ट्रातलं आहे. चालेल का?

वकील_कॅम्प
यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र) देशभर चालतं. आणि नाचाच्या क्लासला कार्ड कशाला लागतंय? ताई बॅच घेताहेत, पेन्शन वाटत नाहीत.

विषय निघालाच आहे तर, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात २१ आहेत. स्वमग्नता, स्नायूंचा क्षय, अॅसिड हल्ला हे सगळं त्यात येतं. कलम २९ सांस्कृतिक जीवनाचं आहे. कलांचे अभ्यासक्रम अशा मुलांना भाग घेता येईल असे नव्यानं आखायचे, हेही त्यात लिहिलेलं आहे. जबाबदारी सरकारची आणि स्थानिक संस्थांची. सार्वजनिक सभागृहात स्टेजवर चढायला रॅम्प नसेल तर अर्ज करायला हे कलम दाखवा.

खडेबाजार
वकीलसाहेब, सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. रॅम्प त्याच्या आधी होईल की नंतर?

वकील_कॅम्प
अर्ज कुठल्या भाषेत करताय त्यावर आहे. (हलकं घ्या.)

कमलक्का_हुक्केरी
मी कन्नड शाळेत शिक्षिका होते. घरी कन्नड, मराठी शेजारणींकडून शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या.

बॅचमध्ये मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषांची मुलं येणार, हे तुम्ही कुणी बोलत नाही. आमच्या शाळेत नाच बसवताना मी 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु' म्हणायची, मराठी मुलं 'एक, दोन, तीन, चार' म्हणायची आणि पाय मात्र एकत्र पडायचे. ज्या मुलांना बोललेलं समजायला वेळ लागतो त्यांच्यासाठी मी चित्रं काढून भिंतीला लावायची. आधी हात, मग गोल, मग बसणं. निपाणीच्या भावांनी सांगितलं त्या मुलालाही याचा उपयोग होईल. पुढं काय येणार हे दिसलं की भीती कमी होते. चित्रं लावली की ऐकू न येणाऱ्यांचं आणि भाषा न कळणाऱ्यांचंही काम होतं.

खडेबाजार
अक्का, हल्ली आमच्याकडं सगळे 'फाय, सिक्स, सेवन, एट' म्हणतात. दुकानाच्या पाट्यांवरनं भांडतात आणि नाचायला लागले की दोन्हीकडचे साहेब होतात.

निपाणीकर
कमलक्का, चित्रांची कल्पना घरी करून बघतो. त्याला वेळापत्रक पाठ असतं, नाचाचं पण होईल.

पुण्यातली_बेळगावकरीण
माहेर शहापूर, आता पुण्यात. समकालीन नृत्य शिकले आहे आणि अशा मिश्र गटात काम केलंय, म्हणून थोडं.

ही कल्पना नवी नाही. लंडनच्या कँडोको या कंपनीची सुरुवात १९९१ ची. सेलेस्त डँडेकर ही नर्तिका १९७३ मध्ये स्टेजवर पडून अपंग झाली होती, तिनं अॅडम बेंजामिनबरोबर ती काढली. आपल्याकडे अस्ताद देबू यांनी कोलकाता आणि चेन्नईच्या ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर खूप वर्षं काम केलं. व्हीलचेअर नाचाच्या तर जागतिक स्पर्धा होतात. त्यात 'काँबी' म्हणून प्रकार आहे, जोडीतला एक खुर्चीवर आणि एक उभा. मध्यमा_पास, दर्जाची काळजी असेल तर काँबीचे व्हिडिओ बघा. उभ्या जोडीदाराचा तोल जरा चुकला की दोघांची लय जाते.

ताईंनी विचारलं 'मी करते तसं करा' याच्याऐवजी काय. आम्ही स्टेप देत नाही, काम देतो. उदाहरणार्थ, दोघादोघांनी हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं. अट एकच, दोघांमधलं अंतर बदलू द्यायचं नाही. मग कुणी चालतं, कुणी चाकांवर, कुणी खुरडत. जोडीदाराचा वेग बघत बघत जावं लागतं. पुढच्या फेरीत अट बदला : एकमेकांकडे न बघता.

एक प्रसंग सांगते. गटातल्या एका मुलीचा डावा हात मनात आल्यावर लगेच उघडायचा नाही. केरव्यात (आठ मात्रांचा ताल) सगळ्यांचे हात पाचव्या मात्रेला उघडायचे, हिचा निघायचा पाचव्यालाच आणि पूर्ण उघडायचा आठव्याला, बोटं एकेक करत, करंगळी शेवटी. पहिल्या दिवशी सगळे तिच्यासाठी थांबायला लागले. ते तिला आवडेना. मग बसवणाऱ्या बाईंनी उलट केलं. तिचा हात निघाला की पहिली जोडी उघडणार, अंगठा सुटला की दुसरी, आणि करंगळी उघडली की सम. अख्खा गट तिच्या बोटांवर डोळे लावून बसायचा. ती मुद्दाम करंगळी दाबून ठेवायची आणि हसायची. सगळ्यांची तारांबळ.

तालवाली_अनगोळ
हे वाचून लगेच उठून आरशासमोर हात उघडून बघितला. आठ मात्रांत बोटं एकेक करत. कठीण आहे हो.

सदाशिवनगर_७
सुधा चंद्रन यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १९८१ च्या अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट लावून पुन्हा स्टेजवर उभ्या राहिल्या. मुलांना त्यांची गोष्ट सांगा. जिद्द असली की काहीही अशक्य नाही.

वडगावची_आई
त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण आमच्या घरी ही गोष्ट प्रत्येक पाहुणा सांगतो. बाकीच्या मुलींना दोन ठुमके मारले तरी चालतं, माझीनं मात्र जिद्दीचा नमुनाच व्हायला हवं. तिला रविवारी मैत्रिणींबरोबर दंगा करायचा आहे, बस्स. तिला वाईट नाचायची पण मुभा द्या.

थाप
"वाईट नाचायची पण मुभा द्या" हे टी-शर्टवर छापतो. पैसे वडगावच्या काकूंना.

सदाशिवनगर_७
प्रोत्साहन द्यायचंच नाही का मग? असो.

आजोबा_टिळकवाडी
सदाशिवनगर, जयपूर फूट करणारे रामचंद्र शर्मा मूळचे कारागीर, डॉ. सेठींच्या जोडीनं त्यांनी तो बनवला. नुसती जिद्द पुरली असती तर रबराचा पाय कशाला लागला असता? पाय आधी, जिद्द मागाहून. तालवालींना तळमजला का हवा, तेही यातच आलं.

मध्यमा_पास
एक नाजूक मुद्दा. वय १५ ते २५, मुलं-मुली एकत्र आणि जोड्यांची कामं. पुण्याचं सोडा, आपल्याकडे 'हात कुणी कुणाचा धरला' यावरून क्लास बंद पडतात.

फिजिओ_गोवावेस
रास्त मुद्दा आहे. यात दिव्यांग मुलींची सुरक्षा जास्त महत्त्वाची, कारण त्यांना उठवताना-बसवताना हात लावायची लोकांना सवय असते आणि त्यांनाही 'नको' म्हणायची सवय नसते. पहिल्याच दिवशी नियम करा : प्रत्येकानं समोरच्याला विचारायचं आणि 'नको' हे पूर्ण उत्तर समजायचं. जोड्या मुलींनी आपल्या आपण लावाव्यात. एक पालक हॉलमध्ये असावा, पण कोपऱ्यात, मोबाइल खाली ठेवून.

कमलक्का_हुक्केरी
पालक रोज तोच नको. आया बसल्या की मुलं नाचत नाहीत. माझा अनुभव.

बंड्या_खानापूर
फुगडी घाला की. हात धरण्यावर फुगडीला अजून कुणी हरकत घेतलेली नाही. बसफुगडी तर बसूनच असते.

पुण्यातली_बेळगावकरीण
बंड्या, गमतीत बोललात, पण व्हीलचेअरची फुगडी खरंच होते. खुर्चीवाली मधे, ब्रेक सुटे, समोरची तिचे दोन्ही हात धरून भोवती फिरते, खुर्ची जागच्या जागी गिरकी घेते. पुढची छोटी चाकं आधी आडवी वळवून घ्यायची, नाहीतर पहिल्याच झटक्याला अडते. हलकी लेझीमही खुर्चीवरून झकास होते.

निपाणीकर
लेझीम? तीस लेझमांचा खळखळाट? आमच्या चिरंजीवांना घेऊन मी बाहेर गाडीत बसतो मग.

थाप
निपाणीकर काका, मी पण बाहेर येतो गप्पा मारायला. खळखळाटाचा मला काही त्रास नाही.

निपाणीकर
हसलो. बऱ्याच दिवसांनी या विषयावर हसलो.

सदाशिवनगर_७
फी किती ठेवणार? दिव्यांग मुलांना मोफत असावं असं सुचवतो. एखादा प्रायोजक मिळेल.

वडगावची_आई
फी घ्या. सगळ्यांना सारखी. फुकट असलं की तक्रार करता येत नाही. ज्याची खरंच ऐपत नाही त्याच्याशी खासगीत बोला, मग तो चालणारा असो की खुर्चीवरचा.

तालवाली_अनगोळ
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. आता मूळ प्रश्नावर येते, एकत्र की वेगळं.

तळमजला मिळतोय. अनगोळमध्येच, एका ओळखीच्यांचं जुनं गोदाम, लांबी भरपूर, खाली कोबा. दुपारी रिकामं असतं. बॅच एकच करणार, पण तासाचे दोन भाग. पहिला भाग शांत : कमी जण, स्पीकर नाही, भिंतीवर कमलक्कांची चित्रं. निपाणीकर, तुमचा मुलगा यालाच आला तरी बॅचमध्ये धरला जाईल, आणि या भागात फक्त दिव्यांग मुलं नसतील, ज्याला शांत आवडतं तो कुणीही. मग मध्ये चहा. दुसरा भाग प्लायवूड, बास आणि दंगा. कुठल्या भागाला थांबायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. गणेशोत्सवापर्यंत कुठंही कार्यक्रम नाही. कुणी निमंत्रण देऊ नका, मी नाही म्हणणार आहे. थाप, खाणाखुणांसाठी तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर कळवा, मानधन देईन. खानापूरचं सध्या जमणार नाही, बंड्याभाऊ, हे स्पष्टच सांगते.

बंड्या_खानापूर
चालतंय. पण विसरू देणार नाही, दर महिन्याला धागा वर काढणार.

निपाणीकर
पहिल्या भागाला येतो. जमलं नाही तर मध्येच उठून जाऊ, राग मानू नका.

मध्यमा_पास
पटलंय असं नाही. लेकीनं मात्र हा धागा वाचला आणि करंगळीचा प्रसंग मलाच दोनदा वाचून दाखवला. तिला पाठवते. महिन्याभरात तिचे कथ्थकचे तोडे बिघडले तर इथं येऊन लिहीन.

तालवाली_अनगोळ
लिहा. त्यासाठीच धागा उघडा ठेवते.

सुतार_येळ्ळूर
गोदामाला पायरी असणार की. किती उंच हाय?

तालवाली_अनगोळ
एकच आहे. सहा इंच असेल.

सुतार_येळ्ळूर
एका इंचाला एक फूट उतार धरायचा, त्यापेक्षा उभा केला तर खुर्ची मागं कलंडती. म्हणजे सहा फुटी. रुंदी तीन फूट तरी पायजे, कडेला पट्टी मारायची, चाक घसरू नये म्हणून. पावसात फळी बुळबुळीत होती, वर खडबडीत रबरी चटई ठोकतो.

फिजिओ_गोवावेस
दाराची रुंदी पण बघा. ९० सेंटिमीटर हवी. आणि संडास. संडासाचं कुणीच विचारलं नाही.

तालवाली_अनगोळ
संडास आहे, पण दार आत उघडतं. खुर्ची आत गेली की दार लागत नाही.

सुतार_येळ्ळूर
बिजागरी फिरवून बाहेर उघडतं करतो, तासाभराचं काम. काल गोदामाकडनं आलो तेव्हा पायरी मोजली, ती साडेसात हाय, सहा न्हवं. साडेसात फुटाची फळी लागंल. दुकानात आठ फुटी पडून हाय, तीच घालतो. शनिवारी येऊ का रविवारी सकाळी?

तालवाली_अनगोळ
शनिवारी या. किल्ली शेजारच्या पिठाच्या गिरणीत ठेवलेली असते. लाकडाचा खर्च किती ते आधी सांगा.

सुतार_येळ्ळूर
लाकडाचं घेतो, मजुरीचं नको. पोरगी माझी पण अठराची हाय. तिला दोन्ही पाय हायत, पण नाच म्हणून येत न्हाई. तिला घ्या.

खडेबाजार
वाईट नाचायची मुभा हाय म्हणालेत की. मी पण येऊलोय, वय जरा पुढं गेलंय एवढंच.

तालवाली_अनगोळ
खडेबाजार, तुम्ही चहाचं बघा.